लाल रेघांसकट

झुंबरराव पगारे यांनी एकतीस वर्षांच्या नोकरीत एकाही माणसाबद्दल मनापासून चांगलं लिहिलं नव्हतं. वाईटही लिहिलं नव्हतं म्हणा. तालुक्याच्या कचेरीत कारकून, आधी पेठला, मग नांदगावला. त्यांच्या हाताखालून वर्तणुकीचे दाखले किती गेले याची मोजदाद नाही, पण सगळ्यांत वाक्य एकच: 'सदर इसमाची वर्तणूक समाधानकारक आहे.' चोर असो की साव, समाधानकारक. या वाक्यानं कुणाचं भलं झालं नाही, आणि झुंबररावांवरही कधी बालंट आलं नाही. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात सांगितलं, की पगारेंच्या मसुद्यावर लाल शेरा मारायची वेळ आपल्यावर कधी आली नाही. झुंबररावांना तेवढं पुरलं. निरोपाची शाल कुठल्या कपाटात आहे ते त्यांना आज सांगता येणार नाही, पण ते वाक्य तोंडपाठ आहे.

असा माणूस त्या शुक्रवारी सकाळी सुनेच्या लॅपटॉपसमोर बसला होता, आणि एका बाईची नोकरी राहायची की जायची हे निदान थोडंफार तरी त्याच्या लिहिण्यावर अवलंबून होतं.

ही बाई म्हणजे मालन भोये, नर्स. जानेवारीत झुंबररावांच्या पत्नी, भिमाबाई, विहाराच्या पायरीवरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. शहरातल्या एका धर्मादाय रुग्णालयात ऑपरेशन झालं आणि त्या बायकांच्या वॉर्डात एकोणीस दिवस होत्या. मालन सिस्टर त्याच वॉर्डात कंत्राटावर. आता जूनअखेर कंत्राट संपत होतं आणि तेवढ्यात कुणा पेशंटच्या नातेवाइकानं तक्रार केली होती, की या सिस्टर उद्धट आहेत, म्हाताऱ्या माणसांना रागावतात. रुग्णालयाच्या समितीनं वॉर्डातल्या जुन्या पेशंटना मोबाइलवर दुवा पाठवला: या परिचारिकेबद्दलचा आपला अनुभव संकेतस्थळावर लिहून पाठवावा, शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. सोमवारी निर्णय. वॉर्डातली आया कलाबाई बुधवारी तपासणीला गेलेल्या भिमाबाईंना म्हणाली होती, "काढत्याल बघा तिला. अन् लेकीचं बारावीचं वरीस हाय." मालन स्वतः मात्र तोंडातून ब्र काढायला तयार नव्हती. आजींच्या टाक्यांचा व्रण पाहिला, काठी नीट धरा म्हणून दोन शब्द सुनावले आणि गेली पुढच्या पेशंटकडे.

"तुमी लिवा," भिमाबाईंनी घरी आल्या आल्या सांगितलं. "जलमभर दुसऱ्याचं लिवलं. आता हे लिवा."

झुंबररावांना टंकलेखन येत होतं, कळांची मांडणी टाइपरायटरचीच होती, ती मुलगा अश्विन पुण्याला नोकरीवर जाण्याआधी बसवून गेला होता. अडचण ती नव्हती. नोकरीची शेवटची दहा वर्षं कचेरीत संगणक होते, पण त्यांवर ऑपरेटर बसायचा. झुंबरराव कागदावर मसुदा लिहून द्यायचे आणि शब्दकोश शेजारी ठेवून तो तीनदा तपासायचे. आता तो शब्दकोश वाळवीनं खाल्लेला, आणि एवढ्या मोठ्या समितीसमोर चुकीचं मराठी गेलं तर? सिस्टरांची बाजू मांडणारा माणूसच अडाणी ठरला तर बाजूला काय वजन राहणार? रात्री त्यांनी ही काळजी सुनेजवळ बोलून दाखवली.

मनाली बँकेत होती. सकाळी पावणेनऊला स्कूटरची किल्ली बोटात अडकवून ती लॅपटॉपवर वाकली. "बाबा, हे बघा. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये भाषा, त्यात मराठी आपण जोडली. आता मराठीचा शब्दकोश उतरवून घेऊ." थोडा वेळ एक गोल फिरत राहिला. मग तिनं समितीचं पान उघडलं, लिहायच्या चौकटीत उजवं बटण दाबलं, 'शुद्धलेखन तपासा' यावर खूण केली आणि खालच्या यादीतून मराठी निवडलं. "झालं. आता तुम्ही लिहीत चला. चुकीचा वाटला शब्द, की त्याच्या खाली लाल रेघ येईल."

"लाल?" झुंबररावांनी विचारलं.

"हो, लाल. बघा तुम्ही, सोपं आहे." आणि ती गेली. बिचारीचा दोष नाही. नऊला बँकेचं दार उघडतं, आणि सासऱ्याच्या आयुष्यात लाल रंगाचा काय दबदबा आहे हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

झुंबररावांनी आंघोळ केली, स्वच्छ सदरा घातला आणि बसले. पहिलं वाक्य लिहिलं: 'मी, झुंबर लहानू पगारे.' झुंबरखाली लाल रेघ आली. लहानूखालीही आली. म्हणजे नावापासूनच चूक. त्यांनी पुढे रेटलं. 'माझी पत्नी भिमाबाई' लिहिलं, भिमाबाई लाल. 'मालन भोये' लिहिलं; दोन्ही लाल. 'खुब्याचं', 'म्हनली', 'आजीला लय दुखत व्हतं', जे जे म्हणून त्या वॉर्डात खरोखर घडलं आणि बोललं गेलं, त्याच्याखाली नागमोडी लाल रेघ. चार ओळी झाल्या आणि पान असं दिसायला लागलं, की नव्यानं रुजू झालेल्या कडक साहेबानं मसुदा फाडायच्या आधी शेवटचा पाहिलाय.

आता इथे झुंबररावांची जी समजूत झाली, ती कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाचीच व्हावी. कचेरीचा नियम असा, की मसुद्यावर एकदा शेरा पडला की तो पडला. फाइल जिथे जाईल तिथे शेरा तिच्याबरोबर जातो, वरचा साहेब आधी शेरा वाचतो आणि मग, वेळ उरला तर, मजकूर. तेव्हा या रेघाही मजकुराबरोबर समितीपुढे जाणार, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. अध्यक्ष कागद हातात घेणार, लाल पाहणार आणि बाजूला ठेवणार. त्यात बिचाऱ्या मालनच्या नावाखाली लाल रेघ! तक्रार आधीच आहे, वर हा शेरा. त्यांनी मनालीला फोन लावला. तिचा फोन कामाच्या वेळी खणात असतो, तो वाजत राहिला.

मग त्यांनी जे येत होतं ते केलं. मसुदा स्वच्छ करायला घेतला.

लाल शब्द दिसला की काढायचा आणि त्या जागी लाल होणार नाही असा घालायचा. 'मालन भोये' गेलं, 'सदर परिचारिका' आलं. सदरला रेघ नाही! झुंबररावांना जुना मित्र भेटल्यासारखं झालं. 'भिमाबाई' गेलं, 'रुग्ण' आलं. खुबा गेला, 'शस्त्रक्रिया' आली. हात सरावाचा होता, भराभर चालायला लागला. मध्ये भिमाबाईंनी जेवायला हाक मारली तर भाकरी तिथेच मागवली. दुपारी पावणेचारला चौकटीत सहा ओळी होत्या आणि लाल रंगाचा ठिपकासुद्धा नव्हता. झुंबररावांचा जीव भांड्यात पडला. इतका निर्मळ कागद त्यांनी नोकरीतही काढला नसेल.

"ऐक," ते म्हणाले, आणि भिमाबाई काठी टेकत येऊन शेजारी बसल्या. झुंबररावांनी खाकरून वाचलं. "'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, रुग्ण आपल्या रुग्णालयात दाखल असताना सदर परिचारिका यांनी आवश्यक ती सेवा वेळोवेळी दिली. त्यांच्या सेवेबाबत कोणतीही तक्रार नाही. सदर परिचारिका यांची वर्तणूक समाधानकारक आहे.'"

भिमाबाईंनी मान पुढे करून पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "अवो, यात मालन कुठं हाय?"

"आहे की. सदर परिचारिका."

"अन् मी?"

"रुग्ण."

"एकोनीस दिस त्या खाटंवर मी व्हते का रुग्ण व्हता?" भिमाबाईंचा आवाज चढला. "अवो, हे तर कुनाचंबी हाय. ज्या बाईनं मला ढुंकून पायलं नाय, तिच्या नावानं बी हेच चाललं. तुमी मालनसाठी लिवलंय का तिला काढायला?"

"शेरे पडत होते गं," झुंबरराव कळवळून म्हणाले. "खरं लिहिलं की प्रत्येक शब्दाला लाल. तिचं नाव लिहिलं तर त्यालाही लाल. असा कागद वर गेला तर उलट तिचंच वाईट होईल."

"व्हऊ द्या लाल." भिमाबाईंनी काठी भिंतीला टेकवली. "माझ्या केसांचं लिवलं व्हतं का आदी?"

लिहिलं नव्हतं. लिहिणारही नव्हते. केस हा काय अर्जात लिहायचा विषय आहे, असं त्यांना वाटलं होतं.

भिमाबाईंचे केस चौसष्टाव्या वर्षीही कमरेखाली. ऑपरेशननंतर पाठीवर पडून पडून त्यांचा गोळा झाला, उशीसारखा घट्ट. दुसरी एक सिस्टर कात्री घेऊन आली होती. आईनं, सासूनं विंचरलेले केस, त्यांचा जीव त्यात. भिमाबाईंनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. तेव्हा मालन सिस्टरांनी दुपारी दोनला ड्यूटी संपल्यावर डोक्याखाली प्लॅस्टिक अंथरलं, खोबरेल तेल आणलं आणि त्या टोकाकडून एक एक बट सोडवत बसल्या. एका दुपारी अर्धं झालं. दुसऱ्या दुपारी उरलेलं. मग बादली आणि मगानं, माणूस खाटेवरून न हलवता, सगळे केस धुतले. सबंध वेळ तोंडाचा पट्टा चालू. "एवढे केस कशाला ठेवले आजी, पीक काढायचंय का?" भिमाबाई दुखण्यानं रडत होत्या आणि हसतही होत्या. झुंबरराव दारातून पाहत होते.

"अन् दुसरं बी लिवा," भिमाबाई म्हणाल्या. "तुमी तिला काय म्हनलात ते."

झुंबररावांचा हात कळफलकावरच राहिला. ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी भिमाबाईंना उभं करायचं होतं. त्या कण्हत होत्या, तयार होत नव्हत्या. झुंबररावांनी सांगितलं, आज राहू द्या, उद्या बघू. मालन सिस्टर त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "बाबा, तुम्ही बाहेर बसा. तुम्ही समोर असलात की आजी रडतात." आणि खरंच बाहेर काढलं. एका निवृत्त वरिष्ठ कारकुनाला! आतून सिस्टरांचा चढा आवाज येत राहिला आणि झुंबरराव बाकावर बसून शेजारच्या चार लोकांना म्हणाले, "फार उद्धट बाई आहे." भिमाबाई त्या दिवशी चार पावलं चालल्या. झुंबररावांनी मात्र दोन दिवस सिस्टरांशी अबोला धरला. घरी निघताना पेढ्याचा पुडा पुढे केला, 'बरंय, येतो' म्हणाले. आभार मानायचे राहूनच गेले. तक्रारीत नेमका तोच शब्द आहे हे कळल्यापासून ते बाकावरची ती चार तोंडं आठवून पाहत होते. कुणी सांगावं, त्या बाकावरूनच तो शब्द कुणी उचलला असेल.

सव्वाचार झाले. झुंबररावांनी सहाच्या सहा ओळी पुसल्या. इतका स्वच्छ मसुदा हातानं पुसताना त्यांना वाईट वाटलं, हे खोटं कशाला बोला. मग भिमाबाई सांगत गेल्या आणि ते लिहीत गेले. रेघा येत होत्या. पहिल्या चार-पाच रेघांना ते थबकले. नंतर त्यांनी तिकडे बघणंच सोडून दिलं.

'माझं नाव झुंबर लहानू पगारे. माझ्या बायकोचं नाव भिमाबाई. तिला तुमच्या इथल्या मालन भोये सिस्टरांनी रागावून उभं केलं, म्हणून ती आज उभी आहे. मी राहू द्या म्हणत होतो. माझं ऐकलं असतं तर ती अजून खाटेवर असती. मीही त्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसून सिस्टरांना उद्धट म्हणालो. चार माणसांनी ऐकलं. तो शब्द मी परत घेतो.' मग केसांचं, सगळं, तेलासकट. भिमाबाईंचे शब्द भिमाबाईंच्याच बोलीत: 'मालन म्हनली, आजी, पीक काढायचंय का.' शेवटी झुंबररावांनी आपल्या मनानं दोन वाक्यं घातली. 'सिस्टरांचे आभार मानायचे राहिले होते. ते या कागदावर मानतो.'

पान वरपासून खालपर्यंत लाल झालं होतं. पाचला आठ मिनिटं कमी. झुंबररावांनी बोट बटणाकडे नेलं आणि परत आणलं. एकतीस वर्षांत एक शेरा नाही, आणि आता असा कागद आपल्या नावानं, आपल्या सहीचा. भिमाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, पण घाई केली नाही. ते पुन्हा चौकटीत गेले आणि तळाशी लिहिलं: 'ता.क. वरील मजकुरात बऱ्याच शब्दांखाली लाल रेघा आहेत. त्या माझ्या लिहिण्याला आहेत. सिस्टरांच्या कामाला लागू करू नयेत, ही नम्र विनंती.' आणि बटण दाबलं.

'आपला अभिप्राय प्राप्त झाला आहे' असं पानावर आलं. झुंबररावांनी चष्मा काढून पुसला. भिमाबाई चहा टाकायला उठल्या.

संध्याकाळी मनाली आली तेव्हा त्यांनी कबुलीजबाबासारखं सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग त्यांचा चेहरा पाहून थांबली. "बाबा, त्या रेघा कुठंच जात नाहीत. त्या फक्त आपल्याला दिसतात, आपल्या पडद्यावर. आणि लाल म्हणजे चूकच असं नाही. एवढंच, की हा शब्द त्याला माहीत नाही. सकाळी नीट सांगायला हवं होतं मी." तिनं रिकामी चौकट उघडली, भिमाबाई असं लिहिलं, उजवं बटण दाबलं आणि 'शब्दकोशात जोडा' यावर टिचकी मारली. रेघ गेली. "आता तुम्ही करा."

झुंबररावांनी मालन जोडलं, भोये जोडलं. खुब्याचं जोडलं. लय आणि व्हतं जोडताना कारकुनाचा हात जरा घुटमळला, पण जोडलं. अशी तरतूद कचेरीत असती तर, असं काहीतरी ते पुटपुटले. सुनेचे मात्र त्यांनी तिथल्या तिथे आभार मानले, तोंडानं, स्पष्ट. मनाली अवघडली, कारण या घरात असं कुणी म्हणत नसे. "अहो बाबा, पाच मिनिटांचं काम," ती म्हणाली आणि कुकर लावायला आत गेली.

शनिवार गेला, रविवार गेला, सोमवारी झुंबरराव दिवसभर फोनच्या आसपास घोटाळत राहिले. मंगळवारी दुपारी तो वाजला. भिमाबाईंनी तो मधोमध ठेवला आणि आवाज मोठा केला.

"बाबा, मालन बोलतेय." आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. "एका वर्षाच्या कंत्राटाचं पत्र मिळालं. आत्ता हातात आहे."

झुंबरराव फोनजवळ सरकले. "छान झालं सिस्टर," ते म्हणाले.

"बाबा, चाळीस जणांनी लिहिलं होतं म्हणे. सगळ्यांनी चांगलंच लिहिलंय. समाधानकारक, समाधानकारक. समितीचे मोठे साहेब माझ्यासमोरच म्हणाले, यावरून मी काय ठरवू? मग तुमचा कागद काढला आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. लाल रेघांचं कुणालाच समजलं नाही. साहेबांनी कागद मागून-पुढून पाहिला." ती हसली. "मग मला विचारलं, सिस्टर, हे केसांचं खरं आहे का? आणि बाबा, मला आठवेना. खरं सांगते. पेशंट इतके होतात. मी म्हटलं, साहेब, मी केलं असेल, पण मला आठवत नाही. मला वाटलं, गेलं आता. तर साहेब बाकीच्यांना म्हणाले, यांना आठवत नाही, म्हणजे हे यांचं रोजचंच असणार. आणि सही केली."

फोनमध्ये वॉर्डाचे आवाज येत होते, ट्रॉली, कुणीतरी सिस्टर म्हणून हाक मारत होतं.

"आजी, रागावू नका हं," मालन म्हणाली. "मला खरंच आठवत नाही तुमचे केस."

भिमाबाईंनी फोन उचलून कानाशी धरला, आवाज मोठा असतानाही. दुसरा हात पाठीवरच्या वेणीवरून फिरत होता.

"नसू दे गं बाई," त्या म्हणाल्या. "तू करीत ऱ्हा. ध्यानात आमी ठिवतो."